माहेर, मुदत आणि मजुरी

नेपाळी भाषेत ‘माइती’ म्हणजे माहेर. काठमांडूच्या अनुराधा कोइराला या शिक्षिकेने १९९३ साली मानवी व्यापाराच्या तावडीतून सुटलेल्या मुलींसाठी संस्था काढली, तेव्हा तिचे नाव ‘माइती नेपाळ’ असे ठेवले. आणि जात्यावरच्या ओव्यांतून माहेराची ओढ ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला या नावाचे मर्म उलगडून सांगण्याचे कारण नाही. मात्र ज्यांना विकणारा हात पुष्कळदा नात्यातला किंवा गावातलाच असतो, अशा मुलींना जन्माचे माहेर परत लाभेलच याची शाश्वती नसते, आणि म्हणून ते कोणाला तरी पायापासून नव्याने बांधावे लागते.

या बांधकामाशी मुंबईचा निकटचा संबंध आहे. १९९६ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाच्या हुकमावरून पोलिसांनी मुंबईतील कुंटणखान्यांवर छापे घातले आणि चारशेहून अधिक मुली सोडवल्या. त्यांत नेपाळी मुलींचा भरणा मोठा होता. सुटका झाली ती थोडक्या अवधीत; पुढे मात्र सरकारी गृहांत महिन्यांमागून महिने गेले, कारण ज्यांच्यापाशी नागरिकत्वाचा कसलाही दाखला नाही त्या आपल्याच मुली आहेत, हे मान्य करण्यास त्यांच्या देशाचे दप्तर सहजासहजी राजी होईना. अखेर तिकडील स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन १२८ मुलींची जबाबदारी पत्करली व त्यांना काठमांडूस नेले. त्यांतल्याच काहीजणींनी त्याच वर्षी ‘शक्ती समूह’ स्थापन केला. संस्थेच्या नोंदणीलाही नागरिकत्वाच्या दाखल्याचीच अडचण आडवी आली आणि २००० साल उजाडावे लागले. पण २०१३ साली याच संस्थेला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि काल ज्यांना ‘पीडित’ म्हणून रकान्यात भरले जात होते त्या आज पीडितांचा कारभार पाहतात, ही गोष्ट साऱ्या जगाच्या नजरेस आली.

आता मुदतीविषयी. आपल्याकडील १९५६ च्या अनैतिक व्यापारविषयक कायद्यान्वये सोडवलेल्या स्त्रीला दंडाधिकारी एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश देऊ शकतो. हेतू चांगला आहे. परंतु ज्या घराच्या दाराला बाहेरून कुलूप असते त्या घराला ‘संरक्षण’ म्हणताना माझी जीभ अडखळते, आणि त्याहून मोठा प्रश्न असा की मुदत सरल्यावर फाटकाबाहेर पाऊल टाकणाऱ्या त्या बाईने दुसऱ्या दिवशीच्या जेवणाची तजवीज कशी करावी, याचे उत्तर त्या आदेशात सापडत नाही. मानवी व्यापाराविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या करारात निवारा, उपचार व समुपदेशन यांच्या पंक्तीला रोजगाराची संधीही स्पष्टपणे बसवलेली आहे, आणि भारताने २०११ साली त्यास मान्यता दिली. त्याच वर्षी कोलकात्यातील एका वेश्येच्या खुनाच्या अपिलाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून पुनर्वसनाचा विषय हाती घेतला, त्यासाठी समिती नेमली, आणि पुढे ज्यांना हा व्यवसाय स्वेच्छेने सोडावयाचा असेल त्यांच्यासाठीच ही योजना असावी, असा खुलासाही केला. हा खुलासा मला फार मोलाचा वाटतो. कारण बळजबरीने आणलेलीला बळजबरीने सुधारणे हा उपाय नव्हे. ओळखीच्या कागदावाचून आधारपत्र मिळण्याची वाट त्याच प्रकरणात २०२२ साली मोकळी झाली. त्या कागदावाचून बँकेत खाते उघडणे आणि पगार हाती येणे किती दुरापास्त असते, हे वेगळे सांगावयास नको.

उरली मजुरी. पुनर्वसन म्हटले की आपल्या परोपकारी मंडळींच्या डोळ्यांपुढे प्रथम शिवणयंत्र उभे राहते, मग पापड, मग मेणबत्त्या. देणगीदाराबरोबर छायाचित्रात शिवणयंत्र फार शोभून दिसते, परंतु दर्जाकडे काणाडोळा करून शिवलेले झबले गिऱ्हाईक एकदा दयेपोटी घेते, दुसऱ्यांदा घेत नाही. हैदराबादच्या ‘प्रज्वला’ संस्थेने हे लवकर ओळखले. १९९६ साली ‘मेहबूब की मेहंदी’ ही तेथील वस्ती उठवली गेली तेव्हा सुनीता कृष्णन आणि ब्रदर जोस वेट्टिकाटिल यांनी तिथल्याच एका रिकाम्या कुंटणखान्यात मुलांची शाळा सुरू केली, आणि पुढे सुटून आलेल्या स्त्रियांच्या हाती वेल्डिंग, सुतारकाम, गवंडीकाम, छपाई व पुस्तकबांधणी दिली. काहीजणी टॅक्सी चालवू लागल्या. ज्या कामांवर पुरुषांची मिरासदारी समजली जाते आणि ज्यांना बाजारात रास्त दर मिळतो, तीच कामे निवडण्यात मोठे शहाणपण होते. कोलकात्याच्या सोनागाछी या कुंटणखान्यांच्या वस्तीत न्यूझीलंडच्या एका दांपत्याने २००१ साली वीस स्त्रियांना घेऊन ‘फ्रीसेट’ हा तागाच्या पिशव्यांचा कारखाना काढला, तोही ‘आश्रम’ म्हणून नव्हे तर नफातोट्याचा हिशेब ठेवणारा धंदा म्हणून.

यात संस्था आणि मालक यांची वाटणी नीट समजून घ्यावी लागते. निवारा, औषधपाणी, वकील आणि रात्री अपरात्री दचकून उठणाऱ्या मुलीपाशी बसणारे माणूस, हे संस्थेचे काम. ठरल्या तारखेस पगार, भविष्यनिर्वाह निधी, साक्षीच्या तारखेला बिनतक्रार रजा आणि मुकादमाच्या तोंडाला लगाम, हे मालकाचे. उचल देताना तर विशेष जपावे लागते. कारण कुंटणखान्यात मुलीला जखडून ठेवणारी साखळी बहुधा कर्जाचीच असते, तिच्या खरेदीची रक्कमच तिच्या नावे मांडून ती तिच्याकडून वसूल केली जाते, आणि जिने ते खाते अनुभवले आहे तिला मालकाने सद्भावनेने दिलेली उचलही त्याच वहीचे पुढचे पान वाटू शकते. आणखी एक खोड सांगितली पाहिजे. मालाच्या वेष्टनावर करणारीची करुण कहाणी छापण्याची हौस हल्ली बोकाळली आहे. जिचा देह विकला गेला तिचा भूतकाळही विकावयाचा, हा व्यवहार सद्हेतूने केला तरी मला प्रशस्त वाटत नाही.

दिवाळीच्या भेटींसाठी पिशव्या, डायऱ्या आणि वेष्टने यांची मागणी आपल्याकडील कचेऱ्या दरवर्षी नोंदवतात. पुढल्या वर्षी त्यांनी अशा एखाद्या कारखान्याकडून नमुना मागवावा, शिवण ओढून पाहावी, उसवली तर नमुना परत धाडावा, टिकली तर बाजारभावाने मागणी द्यावी, आणि बिल मुदतीत चुकते करावे.