टर्बो इंजिनाची हेड गॅसकेट : दुसऱ्यांदा हेड उघडायची पाळी येऊ नये म्हणून

हेड उघडणे आणि पॅकिंग बदलणे हे काम आपल्या मोटार मिस्त्रींना नवे नाही. अॅम्बेसेडर आणि पद्मिनीच्या काळापासून हे काम गल्लोगल्ली होत आले. तेव्हाच्या इंजिनात दाब कमी, आणि पॅकिंग जाड व मऊ. फेस थोडा वाकडा असला तरी ते सांभाळून घेत असे. टर्बो बसवलेल्या पेट्रोल इंजिनात ही सवलत नाही. तिथे गॅसकेट पातळ पोलादी पत्र्याची असते आणि ती काहीही सांभाळून घेत नाही. आता फोक्सवॅगन, स्कोडा, ह्युंदाई, महिंद्र अशा अनेक कंपन्यांच्या टर्बो पेट्रोल गाड्या आपल्याकडे सर्रास धावतात. हौशी मालक संगणकावरून त्यांचा बूस्टही वाढवून घेतात. कोकणातले कितीतरी कारागीर आखातातल्या गॅरेजांत अशाच गाड्यांवर हात चालवतात. म्हणून हा विषय थोडा खोलात जाऊन समजून घेणे भाग आहे. गॅसकेट दुसऱ्यांदा उडाली की मजुरी, फेसिंग आणि नवी गॅसकेट हा सगळा खर्च कारागिराच्या खिशातून जातो आणि गिऱ्हाईकही तुटते.

उदाहरणासाठी मित्सुबिशीचे ४जी६३ हे इंजिन घेऊ. १९८७ साली ते टर्बोसह गॅलंट व्हीआर-४ मध्ये आले. पुढे अमेरिकेत इलिनॉयमधील नॉर्मल या गावी तयार होणाऱ्या एक्लिप्स गाडीत बसले, आणि १९९२ पासून २००७ पर्यंत लॅन्सर इव्होल्युशनमध्ये चालले. टॉमी माकिनेनने १९९६ ते १९९९ अशी लागोपाठ चार वर्षे जागतिक रॅलीचे अजिंक्यपद मिळवले, ते याच इंजिनाच्या लॅन्सरवर. दोन लिटर, चार सिलिंडर, खाली बिडाचा ब्लॉक आणि वर अॅल्युमिनियमचे हेड. या इंजिनावर जगभरच्या रेसिंग मिस्त्रींनी इतके हात मारले आहेत की गॅसकेट कशाने जाते आणि कशाने टिकते हे त्यातून चांगले कळून आले आहे.

आधी दाबाचा हिशेब पाहू. बोअर ८५ मि.मी., म्हणजे पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ साधारण ५७ चौरस सेंटिमीटर. साध्या इंजिनात पेट्रोल पेटल्यावर दाब साठ-सत्तर बारपर्यंत जातो. म्हणजे हेडला वर ढकलणारा जोर सुमारे पावणेचार टन. टर्बोने हवा दाबून भरली आणि दाब शंभर बारवर गेला, की तोच जोर पावणेसहा टनांच्या आसपास होतो. हा धक्का सहा हजार आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला तीन हजार वेळा बसतो.

आता कोणी म्हणेल, दहा बोल्ट मिळून त्याहून कितीतरी पट जोराने हेड दाबून धरतात, मग गॅसकेट जाते कशी? प्रश्न बरोबर आहे. हेड सबंध उचलले जात नाहीच. दोन बोल्टांच्या मधल्या भागात ते केसाएवढेही नाही इतके, अगदी किंचित, फुगते. तेवढ्या क्षणापुरता सिलिंडरभोवतीच्या कड्यावरचा दाब कमी होतो आणि जळता वायू तिथून पाण्याच्या वाटेत शिरतो. एकदा वायूला वाट सापडली की तो कडे जाळत जातो. मिस्त्री लोक याला ‘हेड उचलणे’ म्हणतात. त्याची खूण अशी की गाडी आयडलवर आणि गावात अगदी नीट चालते. मालकाने मोकळ्या रस्त्यावर पूर्ण बूस्ट दिला की मात्र कूलंट टाकीतून बाहेर फेकले जाते. अशी गाडी गॅरेजमध्ये उभी करून तासभर चालवली तरी काही दिसत नाही. मग रेडिएटर साफ करा, थर्मोस्टॅट बदला, झाकण बदला असे सुरू होते आणि मूळ दुखणे तसेच राहते.

दुसरा शत्रू इंजिनाची ठोक, म्हणजे नॉकिंग. माझ्या मते टर्बो गाड्यांच्या बहुतेक गॅसकेट हीच खाते, आणि बोल विनाकारण गॅसकेट बनवणाऱ्याला लागतो. पेट्रोलचा ऑक्टेन कमी पडला, मिश्रण पातळ झाले किंवा टायमिंग फार पुढे असले, तर प्लगने पेटवण्याखेरीज उरलेले मिश्रण आपोआप एकदम भडकते. त्या वेळी दाब एका झटक्यात वर जातो आणि हातोड्याने घाव घातल्यासारखी लाट गॅसकेटच्या कड्यावर आपटते. पिस्टनच्या रिंगांमधल्या भिंती तुटणे आणि गॅसकेटचे कडे दबून फाटणे, दोन्ही एकाच कारणाने होते. म्हणून उडालेली गॅसकेट काढल्यावर ती फेकू नये. कडे कुठे दबले आहे, कुठे काळी रेघ गेली आहे ते पाहावे. पिस्टनच्या माथ्यावर आणि प्लगवर बारीक टोचे किंवा अॅल्युमिनियमचे कण दिसले, तर नुसती गॅसकेट बदलून काम भागणार नाही. ज्या मालकाने बूस्ट वाढवून साधे पेट्रोल भरले आहे, त्याला तसे स्पष्ट सांगावे. १०० ऑक्टेनचे पेट्रोल २०२० पासून आपल्या मोठ्या शहरांतल्या काही पंपांवर मिळते. ते परवडत नसेल तर बूस्ट खाली आणावा.

तिसरी गोष्ट उष्णतेची. अॅल्युमिनियम बिडाच्या दुपटीने फुगते. हेडची लांबी चारशे मि.मी. धरली आणि इंजिन थंडीतून ऐंशी अंशांनी तापले, तर हेड सुमारे पाऊण मि.मी. लांबते आणि ब्लॉक त्याच्या निम्माच. म्हणजे दर वेळी गाडी तापली आणि निवली की हेड ब्लॉकवर जरासे सरकते, आणि मधल्या गॅसकेटला ही ओढाताण सोसावी लागते. जुने मऊ पॅकिंग यात हळूहळू झिजते. म्हणून आता बहुथरी पोलादी गॅसकेट वापरतात. त्यात स्प्रिंगसारखे उठाव दिलेले स्टेनलेस पोलादाचे तीन किंवा जास्त पातळ पत्रे असतात. बाहेरून रबराचा एक पातळ लेप. पत्रे एकमेकांवर सरकू शकतात आणि उठावामुळे हेड किंचित हलले तरी कडे दाब सोडत नाही.

इथेच आपल्या कारागिरांची खरी परीक्षा आहे. हा रबरी लेप साधारण मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाइतकाच असतो. फेसवर त्याहून खोल चरा असला की लेप तो भरून काढू शकत नाही आणि पाणी किंवा वायू तिथून वाट काढतो. म्हणून जुन्या पॅकिंगला चालणारा फेस या गॅसकेटला चालत नाही. फेसिंगच्या कारखान्यात हेड देताना ‘फेस मारून द्या’ एवढेच सांगू नये. ‘बहुथरी पोलादी गॅसकेट बसवायची आहे, शेवटचा हात बारीक घ्या’ असे सांगावे. गॅसकेटच्या वेष्टनावर फेस किती गुळगुळीत हवा याचा आकडा छापलेला असतो, तो कारागिराला दाखवावा. ग्राइंडरवर शेवटचा घास कमी आणि चाल संथ ठेवली की काम होते. हेडवरून नख फिरवले तर कुठेही अडकता कामा नये.

सपाटीसाठी चांगली सरळ पट्टी आणि फीलर गेज लागतो. लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर पट्टी ठेवून पाहावे. ४जी६३ ला ०.०५ मि.मी. हे चांगल्या हेडचे माप आहे. कंपनीच्या पुस्तकात ०.२ पर्यंतची मर्यादा दिली आहे, पण वाढीव बूस्टच्या इंजिनात तिथवर जाऊ देण्यात शहाणपण नाही. हेड आणि ब्लॉक दोन्ही मिळून ०.२ मि.मी.पेक्षा जास्त घासू नये असेही तेच पुस्तक सांगते. पुष्कळ जण हेड तेवढे फेस करतात आणि ब्लॉककडे बघतही नाहीत. ब्लॉक बिडाचा असला म्हणून तो सपाट आहे असे समजू नये.

साफसफाईबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. हवेच्या यंत्रावर घासणी चकती लावून जुने पॅकिंग काढण्याची पद्धत आता सगळीकडे पसरली आहे. काम झटपट होते, पण चकती मऊ अॅल्युमिनियममध्ये खळगे पाडते, आणि तिचे कण तेलाच्या वाटेने जाऊन बेअरिंग खातात. हेड नीट बसते, आणि थोड्याच दिवसांत क्रँक वाजू लागतो. प्लास्टिकची किंवा बोथट पितळी खरवडणी आणि गॅसकेट सोडवणारा स्प्रे वापरावा. वेळ जास्त लागतो, तो मजुरीत धरावा. फार जुन्या गाडीचे पॅकिंग असेल तर त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतो. ते कोरडे घासू नये आणि हवेच्या नळीने उडवू नये. ओले करून काढावे. त्याची धूळ छातीत बसली तर पुढे अनेक वर्षांनी जीवघेणे रोग होऊ शकतात, आणि गॅरेजमध्ये ती सगळ्यात जास्त शिकाऊ पोरांच्याच नाकात जाते.

आता बोल्ट. टॉर्क पाना जो आकडा दाखवतो त्यातला सुमारे दहावा हिस्साच हेड दाबण्याच्या कामी येतो. बाकी सगळा जोर आट्यांच्या आणि बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो. म्हणजे आटे गंजलेले असले तर पाना बरोबर आकडा दाखवेल, पण हेड ढिलेच राहील. आटे साफ करणारा टॅप फिरवावा, आटे कापणारा नव्हे. कापणाऱ्या टॅपने आट्यांचा माल कमी होतो. भोकात पाणी किंवा तेल साचले असेल तर हवेने आणि कपड्याने काढावे. बंद भोकात तेल राहिले आणि वरून बोल्ट आवळला तर ब्लॉकला तडा जाऊ शकतो. आट्यांवर आणि वायसरखाली पुस्तकात सांगितलेलेच तेल लावावे. तेल बदलले की त्याच आकड्याला दाब वेगळा येतो.

लॅन्सर इव्होल्युशनमध्ये ११ मि.मी.चे बोल्ट आहेत. ते आधी ७८ न्यूटन मीटरला आवळतात, मग पूर्ण ढिले करतात, पुन्हा २० ला आणतात आणि नंतर प्रत्येकाला दोनदा नव्वद-नव्वद अंश फिरवतात. मधून सुरुवात करून बाहेरच्या टोकांकडे जायचे. अंशांनी फिरवण्यामागचे कारण असे की त्यात घर्षणाचा गोंधळ उरत नाही. बोल्ट ठरलेला ताणला जातो, रबरासारखा, आणि तो ताण टिकून राहतो. म्हणूनच असा बोल्ट लांबतो. त्याच्या दांड्याची लांबी ९९.४ मि.मी.पेक्षा जास्त भरली तर तो टाकून द्यावा. काही मिस्त्री सगळेच बोल्ट एका दमात ‘हाताच्या अंदाजाने’ आवळतात. हाताचा अंदाज ही उस्तादाची कमाई खरी, पण ती इथे कामाची नाही.

बूस्ट बराच वाढवायचा असेल तर बोल्टऐवजी मजबूत पोलादाचे स्टड घालतात. स्टड ब्लॉकमध्ये हाताने बसवायचा, पान्याने कचकचून नव्हे. मग वरचा नट आवळायचा. आवळताना स्टड फिरत नाही, फक्त ताणला जातो, म्हणून दाब जास्त आणि सगळीकडे सारखा येतो. टॉर्कचा आकडा मात्र स्टडसोबत आलेल्या कागदावरचा आणि त्यांच्याच ग्रीसचा घ्यावा, गाडीच्या पुस्तकातला नव्हे.

फक्त शर्यतीसाठी बांधलेल्या इंजिनात तांब्याची गॅसकेट वापरतात. सिलिंडरभोवती बारीक खाच पाडून त्यात स्टेनलेस तार बसवतात आणि ती तार तांब्यात रुतून वायू अडवते. तांबे लाल तापवून पाण्यात विझवले की मऊ होते, हे आपल्या तांबट कारागिरांना सांगायला नको. पण तांबे पाणी आणि तेल नीट अडवत नाही, त्याला सीलर लागतो, आणि इंजिन तापून निवल्यावर नट पुन्हा आवळावे लागतात. रोज चालणाऱ्या गाडीत हा खटाटोप करू नये. खाच पाडलेल्या ब्लॉकवर बहुथरी पोलादी गॅसकेट तर मुळीच बसवू नये.

पोलादी गॅसकेटला लाल किंवा काळे सिलिकॉन फासण्याची सवयही सोडावी. पुस्तकात एखाद्या कोपऱ्यावर ठिपका सांगितला असेल तेवढाच द्यावा. फासलेले सिलिकॉन लेपाला नीट बसू देत नाही, आणि त्याचे तुकडे तेलाच्या जाळीत जाऊन अडकतात.

हेड उघडण्याआधी दोष तिथेच आहे याची खात्री करावी. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन खाली असेल तर बहुधा मधली पट्टी गेलेली असते. सिलिंडरमध्ये हवा भरल्यावर रेडिएटरमध्ये बुडबुडे आले, किंवा रेडिएटरवर धरलेले निळे परीक्षा-द्रव पिवळे झाले, तर वायू पाण्यात जातो आहे हे नक्की. मात्र हीच लक्षणे हेडला तडा गेल्यानेही दिसतात. ४जी६३ च्या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या दोन सीटांच्या मध्ये बारीक चिरा सापडतात. म्हणून हेड पाण्यात बुडवून हवेच्या दाबाने तपासल्याशिवाय फेसिंगचा खर्च करू नये.

शेवटी हिशेबाचे. अंदाजपत्रकात तपासणी, फेसिंग, नवे बोल्ट, गॅसकेट आणि मजुरी वेगवेगळी लिहावी. आलेल्या वेळी गाडीचा बूस्ट किती होता हेही नोंदवून मालकाची सही घ्यावी. जुनी गॅसकेट पिशवीत घालून बिलासोबत परत द्यावी. पुढे वाद झालाच तर त्या गॅसकेटवरची जळाल्याची खूण आणि कागदावरचा बूस्टचा आकडा समोर ठेवता येतो.