रक्तातलं औषध काय सांगतं?

कळंबच्या उपजिल्हा रुग्णालयात असो की मुंबईच्या एखाद्या मोठ्या दवाखान्यात, ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ या प्रश्नाला उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असंच येतं. समुपदेशकासमोर ‘विसरलो’ म्हणायला जीभ रेटत नाही. एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळीबाबत, म्हणजे ‘प्रेप’बाबत, याच ‘हो’नं एकदा संशोधकांना पार चकवलं होतं.

दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वे या देशांतल्या ५,०२९ महिलांवर ‘व्हॉइस’ नावाची चाचणी झाली. महिलांचं सांगणं आणि परत आलेल्या गोळ्यांची मोजदाद पाहिली, तर ९० टक्क्यांच्या आसपास औषध घेतलं जात होतं. मात्र गोळ्या दिलेल्या महिलांच्या रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा जेमतेम ३० टक्के नमुन्यांत औषध सापडलं. गोळी निकामी आहे, असा बोभाटा झाला असता. प्रत्यक्षात ती पोटात गेलीच नव्हती. पुढे या महिलांशी मोकळेपणानं बोलल्यावर कारणं कळली. घरात गोळ्यांची बाटली दिसली तर लोक आपल्यालाच एचआयव्ही झालाय म्हणतील, ही धास्ती त्यांत होती. कळंबच्या एखाद्या गल्लीत हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

खरं तर ही गोळी एचआयव्ही नसलेल्या, पण लागणीचा धोका असलेल्या माणसासाठी असते. तिच्यातलं टेनोफोविर बाधितांच्या उपचारातही वापरतात, म्हणून गल्लत होते. औषधाची पातळी मोजणं म्हणजे एचआयव्हीची तपासणी, हाही तसलाच गैरसमज. पातळीची चाचणी फक्त औषध शरीरात किती आहे ते सांगते. लागण झालेली नाही ना, हे पाहायला प्रेप सुरू करण्याआधी आणि नंतरही ठरावीक काळानं एचआयव्हीची तपासणी वेगळी करावीच लागते.

‘तपासणीच्या आदल्या दिवशी गोळी घेतली की भागतं’, असंही काहींना वाटतं. लघवीच्या किंवा रक्तद्रवाच्या चाचणीपुरतं ते काही अंशी खरं आहे, कारण तिथं गेल्या काही दिवसांचंच औषध दिसतं. पण टेनोफोविरचं एक रूप तांबड्या पेशींत साठत जातं आणि ते निम्मं व्हायला साधारण १७ दिवस लागतात. बोटाला टोचून काढलेला रक्ताचा थेंब जाड कागदावर टिपून वाळवला, की त्यातून मागच्या दीड-दोन महिन्यांची सरासरी निघते. आदल्या रात्रीच्या एका गोळीनं ती भरून येत नाही.

याच मोजमापानं एक दिलासाही दिला. एक गोळी चुकली म्हणजे सगळं वाया गेलं, असं नाही. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांच्या अभ्यासातून, आठवड्याला चार गोळ्यांइतकी पातळी असेल तर धोका सुमारे ९६ टक्के आणि रोजच्या गोळीनं ९९ टक्के कमी होतो, असा अंदाज निघाला. स्त्रियांनी मात्र हा आकडा आपला मानू नये. योनीमार्गात औषध तितकं साठत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी रोजची गोळीच महत्त्वाची.

महाराष्ट्राचाही या शोधात हात आहे. पुण्यातल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेनं अमेरिकेतल्या दोन केंद्रांसोबत २०० महिलांवर योनीत लावायच्या टेनोफोविर जेलच्या सुरक्षिततेचा अभ्यास केला होता आणि त्यातही रक्तातलं औषध मोजलं गेलं. पुढे म्हैसूर आणि कोलकात्यात देहविक्रय करणाऱ्या महिलांच्या स्वतःच्या संघटनांनी प्रेपचे प्रकल्प चालवले. तिथं रक्त तपासलं, तेव्हा बहुतेकींच्या शरीरात पुरेसं औषध निघालं. गोळी तीच होती. फरक होता तो विश्वासाच्या माणसांचा.

म्हणूनच या चाचणीकडे चोर पकडण्याचं साधन म्हणून पाहणं घातक आहे. पातळी कमी आली तर मळमळ होते का, गोळी लपवावी लागते का, कामासाठी परगावी राहावं लागतं का, हे विचारायचं असतं. रागावलं तर पुढच्या वेळी तो माणूस येणारच नाही. रोजच्या सेवेत ही चाचणी सक्तीची नाही. तिचा मुख्य वापर संशोधनातच होतो. शिवाय एचआयव्हीची तपासणी आणि उपचार यांना संमती हवी, माहिती गुप्त राहिली पाहिजे, हे २०१७ च्या कायद्यानं बांधून दिलंय. प्रेपबद्दल विचारायचं असेल आणि गावात तोंड उघडायची भीती वाटत असेल, तर १०९७ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.