निवृत्त युद्धनौकांचे काय करावयाचे?

मुंबईच्या दारूखान्यात २०१४ च्या नोव्हेंबर महिन्यात ‘विक्रांत’ तोडण्यास प्रारंभ झाला, तेव्हा अनेकांना हळहळ वाटली. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात उभी राहून चितगाव, कॉक्स बझार, खुलना येथील शत्रूची ठाणी जिच्या विमानांनी निकामी केली, ती नौका गॅसकटरच्या ज्योतीखाली तुकड्यातुकड्यांनी नाहीशी होत होती. तिच्या पोलादाचा काही अंश पुढे एका मोटारसायकलीत गेला, तर काही अंशातून घडवलेले एक शिल्प २०१६ च्या जानेवारीत नौदल गोदीच्या लायन गेटसमोर उभे राहिले. सरकारला आपल्या इतिहासाची चाड नाही, असा निष्कर्ष त्यावेळी बहुतेकांनी काढला. हा निष्कर्ष सोपा आहे. पण तो पुरा नाही. ‘विक्रांत’ भंगारात गेली ती चाड नव्हती म्हणून नव्हे. चाड होती, परंतु तिच्यामागे हिशेब नव्हता, म्हणून ती गेली.

ही नौका ३१ जानेवारी १९९७ रोजी नौदलाच्या सेवेतून निवृत्त झाली आणि २००१ मध्ये तिच्यावर संग्रहालय उघडण्यात आले. म्हणजे तिला वाचवण्याचा प्रयत्न झालाच नाही, असे म्हणता येत नाही. पण हे संग्रहालय उभे होते नौदलाच्या गोदीत, कडेकोट सुरक्षेच्या आत. वर्षातील थोडे दिवसच सामान्य माणसाला तिथे पाऊल ठेवता येत असे. लोक येत नाहीत म्हणून उत्पन्न नाही, उत्पन्न नाही म्हणून डागडुजी नाही आणि डागडुजी नाही म्हणून लोकांना आत घेणे धोक्याचे, असे हे चक्र होते. २०१२ मध्ये नौका असुरक्षित ठरवून संग्रहालय बंद करण्यात आले. खर्च आपल्याला पेलणार नाही, असे राज्य सरकारने सांगितले. २०१४ च्या आरंभी तिचा सुमारे ६० कोटी रुपयांना लिलाव झाला. प्रकरण उच्च न्यायालयात व पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले; परंतु जे काम अर्थसंकल्पाने करावयाचे, ते याचिकेने होत नसते.

समुद्राचे गणित

किल्ला आणि युद्धनौका यांच्यात एक मूलभूत फरक आहे. किल्ला दुर्लक्ष सोसतो. तटावर पिंपळ उगवला, चिरे ढासळले, तरी शंभर वर्षांनी येऊन चुन्याने सांधे भरता येतात. नौकेला ती सवलत नाही. खाऱ्या पाण्यात उभे असलेले पोलाद एक दिवसही स्वस्थ बसत नाही. जलरेषेच्या आसपास, जिथे ओल आणि हवा आळीपाळीने लागते, तिथे गंज सर्वांत जोराने चढतो. तो थोपवण्यासाठी तळाला जस्ताचे ठोकळे लावावे लागतात, सतत खरवडून रंग द्यावा लागतो आणि काही वर्षांच्या अंतराने नौका सुक्या गोदीत चढवून तळ तपासावा लागतो. सेवेत असताना ‘विक्रांत’वर हजाराहून अधिक माणसे होती, त्यांच्या दिनक्रमाचा मोठा भाग खरवडणे, घासणे, रंगवणे हाच असे. संग्रहालय झालेल्या नौकेवर नोकर असतात मूठभर. हजारांचे काम मूठभरांवर सोपवले की समुद्र उरलेले काम स्वतः करतो.

हा अनुभव केवळ आपल्या गरिबीचा नाही. अमेरिकेच्या टेक्सस राज्याने ‘टेक्सस’ ही दोन महायुद्धे पाहिलेली युद्धनौका १९४८ मध्ये स्मारक म्हणून स्वीकारली. तिच्या तळाची गळती पुढे इतकी वाढली की २०१९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाला साडेतीन कोटी डॉलर मंजूर करावे लागले आणि २०२२ मध्ये तिला ओढत गॅल्व्हेस्टनच्या गोदीत न्यावे लागले. त्याच वर्षी बफेलो येथे स्मारक म्हणून जपलेली ‘द सलिव्हन्स’ ही विनाशिका धक्क्यालाच पाणी शिरून कलंडली, आणि तिथले पाणी तर गोडे होते. न्यूयॉर्कसारख्या धनाढ्य शहरात १९८२ मध्ये उघडलेले ‘इन्ट्रेपिड’ या विमानवाहू नौकेवरील संग्रहालय तीनच वर्षांत दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोहोचले होते. ते पुढे सावरले आणि आज त्या शहराचे एक मोठे आकर्षण आहे. पण ते सावरले दात्यांच्या पैशावर आणि मॅनहॅटनच्या गर्दीवर. ही दोन्ही साधने प्रत्येक बंदराजवळ नसतात.

जपानने वेगळा मार्ग धरला. १९०५ मध्ये त्सुशिमाच्या लढाईत ॲडमिरल टोगो यांचे निशाण जिच्यावर फडकत होते, ती ‘मिकासा’ नौका जपानने १९२० च्या दशकात योकोसुका येथे पाण्याबाहेर काढून काँक्रीटमध्ये पक्की बसवली. दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर तिच्या वाट्याला विटंबना आली, तिच्यावर नृत्यगृहही थाटले गेले. तरी १९६१ मध्ये तिचा जीर्णोद्धार होऊ शकला. पाण्यात असती तर त्या अनास्थेच्या वर्षांत ती तळाशी गेली असती. जमिनीवर असल्यामुळे तिला किल्ल्याची सवलत मिळाली.

मुंबईची एक नौका

या संदर्भात मुंबईकरांनी आवर्जून लक्षात ठेवावे असे एक उदाहरण आहे. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट पाण्यात सोडण्यात आली. तिचे अंग मलबारी सागवानाचे. आज दोनशे वर्षे उलटून गेल्यावरही ती इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल या लहानशा शहरात तरंगत उभी आहे. ती टिकली त्यात सागवानाचा वाटा आहेच. पण तो एकमेव नाही. आरमारातून गेल्यावर ती मोडीत निघणार होती. एका खासगी गृहस्थाने विकत घेतल्यामुळे ती प्रशिक्षण नौका झाली आणि १९८६ पर्यंत तरुणांना दर्यावर्दी शिक्षण देत राहिली. म्हणजे म्हातारपणीही तिच्या अंगावर काम होते. पुढे हार्टलपूलने तिला पत्करले. त्या शहराचा जहाजबांधणीचा धंदा बुडालेला होता. ‘वॉरियर’ या जुन्या युद्धनौकेच्या जीर्णोद्धारासाठी तिथे कसबी कारागीर एकत्र आले होते, त्याच हातांनी पुढे ‘ट्रिंकोमाली’चे काम घेतले आणि २००१ मध्ये ते पुरे केले. नौका वाचवताना त्या शहराने आपले हुन्नरही वाचवले. मुंबईत जन्मलेली लाकडी नौका परदेशात सुखरूप आहे आणि मुंबईत निवृत्त झालेली पोलादी नौका मुंबईतच तोडली गेली, हा विरोधाभास बोचतो खरा. पण त्यातून शिकावयाचे ते एवढेच की, नौकेला निवृत्तीनंतर काम, जागा आणि मालक ही तिन्ही लागतात.

‘विराट’च्या बाबतीत यांपैकी एकही वेळेवर ठरले नाही. ६ मार्च २०१७ रोजी ती निवृत्त झाली. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सिंधुदुर्ग जिल्ह्यातील निवतीजवळ तिचे संग्रहालय व सागरी पर्यटन केंद्र करण्यासाठी ८५२ कोटी रुपयांच्या योजनेला मान्यता दिली. आकडा मोठा होता, घोषणाही मोठी होती. परंतु स्वतःच्या पायावर उभी राहील अशी परिपूर्ण आर्थिक योजना कोणाकडूनच आली नाही, असे २०१९ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने राज्यसभेत सांगितले. २०२० मध्ये ती ३८ कोटी ५४ लाखांना विकली गेली आणि अलंगच्या किनाऱ्यावर चढवण्यात आली. सर्वोच्च न्यायालयापुढे अखेरची याचिका आली, तेव्हा तिचा बराच भाग तोडून झाला होता. जिच्या भंगाराची किंमत ३८ कोटी, तिला वाचवण्याचा खर्च ८५२ कोटी, हे प्रमाण पाहिले म्हणजे भावनेच्या भरात ‘वाचवा’ म्हणणे किती सोपे आहे हे ध्यानी येते.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. निवतीपासून फार दूर नसलेल्या सिंधुदुर्गाच्या आणि विजयदुर्गाच्या तटांना समुद्र रोज धडका देतो आहे. २०२५ मध्ये हे दोन्ही किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. पण यादीत गेल्याने चिरे आपोआप बसत नाहीत. आपल्या आरमाराची जन्मस्थाने ढासळत असताना ब्रिटनमध्ये बांधलेल्या जुन्या नौकांवर शेकडो कोटी खर्चणे कितपत शहाणपणाचे? या आक्षेपाला उत्तर नाही, आणि ते शोधण्याचा अट्टहासही करू नये. निवड करावीच लागते. प्रश्न आहे तो निवड विचाराने करावयाची की कंटाळ्याने होऊ द्यावयाची, एवढाच.

काय जपावे, कसे जपावे

जपण्याजोगे काय, याचाही आपण नीट विचार केलेला नाही. माझगाव गोदीत बांधलेली ‘निलगिरी’ ही फ्रिगेट १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली. स्वतंत्र भारताच्या जहाजबांधणीतील तो मैलाचा दगड होता. निवृत्तीनंतर १९९७ मध्ये क्षेपणास्त्राच्या चाचणीत लक्ष्य म्हणून तिला जलसमाधी देण्यात आली. त्याबद्दल कोणी मोर्चा काढला नाही की याचिका केली नाही. आपल्या कामगारांनी आणि अभियंत्यांनी घडवलेली नौका आपल्या स्मृतीत शिरलीच नाही.

उलट, जिथे आकार आवाक्यातला ठेवला तिथे आपल्याला यश आले आहे. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ‘कुरसुरा’ ही पाणबुडी वाळूवर ओढून काँक्रीटच्या पायावर बसवली आहे. २००२ पासून लोक तिच्या अरुंद पोटातून चालत जातात. दोन बिछान्यांमधील वीतभर अंतर पाहून जे उमगते ते दहा पुस्तकांतून उमगत नाही. कारवारच्या किनाऱ्यावर ‘चपल’ ही क्षेपणास्त्र नौका उभी आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांना घेऊन ‘खुक्री’ बुडाली ती दीवजवळच्या समुद्रात. तिचेच नाव धारण करणारी पुढची नौका निवृत्त झाल्यावर २०२२ मध्ये दीवच्याच स्वाधीन करण्यात आली. स्थळ आणि नौका यांचे नाते असे जुळले की स्मारकाला अर्थ येतो. आणि ज्या निवतीस ‘विराट’ यावयाची होती, तिथल्या समुद्रतळाशी ‘गुलदार’ या निवृत्त नौकेचे संग्रहालय करण्याची योजना महाराष्ट्राने हाती घेतली. समुद्राशी झगडण्याऐवजी नौका त्याच्याच हवाली करून तिच्यावर प्रवाळ व मासे वाढू द्यावयाचे, ही कल्पना निदान खर्चाचे भान ठेवून केलेली आहे.

यातून काही नियम सहज निघतात. नौकेचे पुढे काय करावयाचे हे तिच्या निवृत्तीआधी किमान पाच वर्षे ठरले पाहिजे. ध्वज उतरल्यावर नव्हे. ज्या राज्याला किंवा संस्थेला ती हवी असेल, तिने आधी कायम निधी दाखवावा, ज्याच्या केवळ व्याजावर डागडुजी चालेल. तिकिटांच्या आशेवर कोणतीही नौका देऊ नये. जी ठेवावयाची ती शक्यतो पाण्याबाहेर, आणि लोकांना मुक्तपणे जाता येईल अशा ठिकाणी ठेवावी. जी ठेवणे शक्य नाही, तिच्याविषयी तसे स्पष्ट सांगून टाकावे. पण कटर चालण्यापूर्वी तिचा नियंत्रण कक्ष, घंटा, यंत्रांचे नमुने, आराखडे, रोजनाम्या आणि तिच्यावर आयुष्य काढलेल्या माणसांच्या आठवणी जतन कराव्यात. १९७१ चे युद्ध लढलेली पिढी आता थकली आहे. पोलादापेक्षाही त्यांचे शब्द लवकर नाहीसे होतील, आणि ते टिपून ठेवण्यास ८५२ कोटी लागत नाहीत.

महाराष्ट्रापुरता हा प्रश्न लवकरच पुन्हा उभा राहणार आहे. माझगाव गोदीत बांधलेली ‘दिल्ली’ ही विनाशिका १९९७ मध्ये, म्हणजे ‘विक्रांत’च्या निवृत्तीच्याच वर्षी, सेवेत आली. तिचीही निवृत्ती आज ना उद्या ठरेल. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदराच्या जमिनींचे काय करावे याची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. त्या आराखड्यात एखादी सुकी गोदी या शहराने घडवलेल्या एका नौकेसाठी राखून ठेवावयाची काय, याचा निर्णय आजच घेता येईल. तो ‘नाही’ असा झाला तरी चालेल. पण तो हिशेब मांडून, जाहीरपणे आणि वेळेवर व्हावा. म्हणजे दारूखान्याच्या फाटकाशी उभे राहून पुन्हा एकदा हळहळण्याची पाळी आपल्यावर येणार नाही.