चाकांवरचें घर

प्रवासाची हौस आमच्या समाजास नवी नाहीं. नवी आहे ती घर बरोबर घेऊन निघण्याची रीत. आजवर मनुष्य दूर देशीं निघाला म्हणजे घर मागें ठेवूनच निघावयाचा. आमच्या पनवेलपासून फार दूर नसलेल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं द्रव्यार्जनार्थ उत्तरेकडे निघाले व बंडाच्या धामधुमींत सांपडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ सालीं छापून निघाला व मराठी वाचकांस प्रिय झाला. परंतु त्या वाटेवर ते व त्यांचे चुलते होते, घरची मंडळी वरसईसच राहिली होती. याउलट उदाहरण अनंतशास्त्री डोंगरे यांचें. ते पत्नी व मुलें यांसह वर्षानुवर्षें तीर्थाटन करीत पायीं फिरले. त्यांची कन्या, म्हणजेच पुढें प्रसिद्धीस आलेल्या पंडिता रमाबाई, या प्रवासांतच आईपाशीं संस्कृत शिकल्या. १८७४ च्या सुमारास दुष्काळानें आईबाप नेले. पण वाटेवर मिळालेली विद्या राहिली, व तिच्याच बळावर १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं रमाबाईंचा गौरव केला. सबंध कुटुंब घेऊन निघण्यांत लाभ काय व धोका काय, हीं दोन्हीं या एका चरित्रांत दिसतात.

आजच्या काळीं अशा प्रवासासाठीं जी गाडी निघाली आहे तिला कॅम्पर व्हॅन म्हणतात. निजण्याची जागा, शेगडी, पाण्याची टांकी व शौचकूप ज्या मोटारींत आहेत, ती ही गाडी. तिचा पूर्वेतिहास आमच्या भगिनीवर्गास विशेष ऐकण्यासारखा आहे. जर्मनींतील इस्नी गांवीं आरिस्ट डेथलेफ्स नांवाचे गृहस्थ चाबूक करण्याच्या धंद्यांत होते. धंद्यानिमित्त त्यांस सदा फिरतीवर राहावें लागे. त्यांच्या वाग्दत्त वधू फ्रिडेल या चित्रकार होत्या. त्यांस बरोबर जावयाचें होतें आणि चित्रें काढण्यास जागाही हवी होती. तेव्हां १९३१ सालीं डेथलेफ्स यांनीं मोटारीमागें जोडावयाचें एक लहानसें घर बांधलें व त्यास ‘वोनआउटो’, म्हणजे राहण्याची मोटार, असें नांव दिलें. पुढें १९५१ सालीं वेस्टफालिया कारखान्यानें फोल्क्सवागेनच्या गाडीसाठीं निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली पेटी काढली, आणि घर व मोटार एकच झालीं. या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशीं ताटातूट टाळण्याची इच्छा होती, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

कारण ताटातूट आतां आमच्याही घरांत शिरली आहे. एके काळीं आमच्या वाड्यांत पंक्तीस अठरा पानें असत. आज थोरले चिरंजीव जर्मनींत स्टुटगार्टजवळ, धाकटे पुण्यास, आणि आम्ही उभयतां पनवेलीस. जर्मनींतील दोन नातवंडें आम्हांस पडद्यावर ओळखत. त्यांना आमच्या आवाजाचा परिचय होता, सहवासाचा नव्हता. अशा स्थितींत चिरंजीवांनीं व सूनबाईंनीं कळविलें कीं, जून महिन्यांत चोवीस दिवसांसाठीं गाडी भाड्यानें घेऊन नॉर्वेच्या उत्तर टोंकापर्यंत, म्हणजे नॉर्डकॅपपर्यंत, जावयाचें आहे, तरी आपण दोघांनीं यावें. साठी उलटलेल्या माणसांनीं तरुणांच्या प्रवासांत ओझें होऊन जावें काय, ही शंका आम्हांस आलीच. परंतु २०१७ सालीं मुंबईचे एक ७३ वर्षांचे गृहस्थ पत्नी व दहा वर्षांची नात यांसह मोटारीनें १९ देशांतून लंडनपर्यंत गेल्याचें वृत्तपत्रांत वाचलें होतें. तें आठवलें आणि आम्हीं होकार कळविला.

गाडी सुमारें सात मीटर लांब व तीन मीटरांहून किंचित् उंच होती. तिच्यांत सहा माणसांनीं निजावयाचें, जेवावयाचें व पावसांत दिवसचे दिवस बसावयाचें. आमच्या वाड्याचें माजघर याहून मोठें आहे. शिवाय युरोपांत साध्या मोटारीच्या परवान्यावर जी गाडी चालवितां येते तिचें भारासह वजन साडेतीन हजार किलोपेक्षां अधिक असूं नये, असा नियम आहे. त्यामुळें तांदुळाची पिशवी, पुस्तकें, पाणी, सारें तोलून घ्यावें लागलें. सौभाग्यवतींनीं मेतकूट, कुळिथाचें पीठ व गोडा मसाला नेला. तूप मात्र नेतां आलें नाहीं, कारण बाहेरच्या देशांतून दुधाचे पदार्थ नेण्यास तेथें बंदी आहे. सूनबाईंनीं तिकडचेंच लोणी कढविलें व वरणभाताची सोय झाली.

मार्ग जर्मनींतून डेन्मार्क, तेथून स्वीडन, फिनलंड व शेवटीं नॉर्वे असा होता. डेन्मार्कांत दोन बेटांमधील समुद्र १९९८ सालीं खुल्या झालेल्या मोठ्या पुलावरून ओलांडला, व कोपेनहेगनहून स्वीडनला २००० सालच्या पुलानें गेलों. नॉर्डकॅप ज्या बेटावर आहे तेथें तर १९९९ पासून समुद्रतळाखालून सुमारें सात किलोमीटरांचा बोगदा आहे. जुन्या स्मृतिकारांनीं समुद्रयानास प्रायश्चित्त सांगितलें. पुलानें समुद्रावरून व बोगद्यानें समुद्राखालून जाणारास काय सांगावें, हा प्रश्न आम्हीं वाटेंत पुष्कळ वेळां विनोदानें चघळला. फिनलंडांत रेनडिअर खुशाल रस्त्यावर येतात. त्या प्रदेशांत दिवसाढवळ्याही मोटारीचे दिवे लावून जावें लागतें.

अशा घरांत पहिला धडा मिळतो तो पाण्याचा. टांकी सुमारें शंभर लिटरांची; त्यांत सहा जणांचें तोंड धुणें, भांडीं, स्वयंपाक. पनवेलीस उन्हाळ्यांत देहरंगच्या धरणाचें पाणी आटलें व टँकरची वाट पाहावी लागली, म्हणजे आम्ही महानगरपालिकेस दोष देतों. येथें टांकी रिकामी झाली तर दोष कोणास द्यावयाचा? आठ वर्षांचा नातू दुसऱ्याच दिवसापासून टांकीचा कांटा पाहून सर्वांस हिशेब सांगूं लागला, आणि आजोबांनीं दाढी करतांना नळ सोडून ठेवूं नये, अशी ताकीद आम्हांस मिळाली. ती आम्हीं मानली.

दुसरा धडा त्याहून मोठा, व ज्यासाठीं हा लेख लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालों तो हाच. गाडींतील शौचकूपाखालीं एक पेटी असते. ती एकदोन दिवसांनीं भरते. मुक्कामाच्या तळावर तिच्यासाठीं ठरलेली जागा असते; तेथें ती स्वतः नेऊन रिकामी करावयाची व धुवावयाची. त्यासाठीं नोकर नाहीं, पैसे देऊन काम टाळण्याची सोय नाहीं. सूनबाईंनीं पहिल्याच संध्याकाळीं कामांची पाळी कागदावर लिहून दारास चिकटविली: पाणी भरणें, भांडीं, केर, बिछाने, आणि ही पेटी. पेटीच्या रकान्यांत घरांतील चारही वडील माणसांचीं नांवें होतीं. चिरंजीव संकोचून म्हणाले, “बाबांचें नांव खोडा, त्यांच्या पाळीला मी जाईन.” सूनबाईंनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं सांगितलें कीं, नांव राहूं द्या.

वाचकहो, या साध्या कामांत संकोच कां वाटावा, याचा विचार करावा. आमच्या लहानपणीं, १९६५ च्या सुमारास, आळींतील घरांस मागच्या बाजूनें एक बोळ असे. पहाटे त्या बोळांतून एक माणूस येई व टोपल्या उचलून नेई. आळींतल्या कोणत्याही घरास त्याचें नांव ठाऊक नव्हतें. सोंवळेंओंवळें आमच्याकडे कडक, परंतु त्या सोंवळ्याचा भार दुसऱ्याच्या डोक्यावर होता. याच कोंकणांत सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे लोकांचे आप्पासाहेब, यांनीं हा प्रश्न आपल्या अंगावर घेतला. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत असतां त्यांनीं सफाईचें काम मागितलें. ते ब्राह्मण म्हणून काम नाकारण्यांत आलें, तेव्हां त्यांनीं अन्न सोडण्यापर्यंत मजल नेली, आणि येरवड्यास बंदीवासांत असलेल्या गांधीजींनींही त्यांच्यासाठीं उपास आरंभिला. मैला हातानें उचलविण्याची प्रथा बंद करणारे कायदे १९९३ व २०१३ सालीं झाले. कायद्यानें रूढी निषिद्ध ठरते. मनांतील संकोच जावयास मात्र स्वतःचे हात लावावे लागतात.

आमची पाळी स्वीडनमध्यें आली. नातू बरोबर आला, कारण नळ कोठें आहे तें त्यास ठाऊक होतें. काम पांच मिनिटांचें. पेटीस चाकें आहेत, मूठ आहे. परत येतांना त्यानें विचारलें, “आजोबा, तुमच्या पनवेलच्या घरीं हें कोण करायचं?” आम्हीं त्यास बोळाची हकीकत सांगितली. “त्याच्या घरचं कोण करायचं?” हा त्याचा दुसरा प्रश्न. त्यास उत्तर देतां येईना. चाळीस वर्षांच्या अध्यापनांत असे प्रश्न आम्हांस फार थोड्या विद्यार्थ्यांनीं विचारले. पडद्यावरच्या ओळखींतून तो कधींही निघाला नसता.

उत्तरध्रुववृत्त ओलांडल्यावर सूर्य मावळेनासा झाला. नॉर्डकॅपचा कडा समुद्रापासून सुमारें ३०० मीटर उंच आहे, व तेथें मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य क्षितिजाखालीं जात नाहीं. संध्या केव्हां करावी, हा प्रश्न घड्याळावर सोपविला. लोकमान्य टिळकांनीं १९०३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत वेदांतील दीर्घ उषेच्या वर्णनांवरून आर्यांचें मूलस्थान उत्तरध्रुवाजवळ असावें, असें प्रतिपादिलें. विद्वानांनीं तो सिद्धान्त पुढें मान्य केला नाहीं. परंतु मध्यरात्रीच्या उन्हांत त्या कड्यावर नातवंडांस उषस् शब्दाचीं रूपें सांगतांना टिळकांच्या बुद्धीच्या धाडसाचें नवल वाटल्यावांचून राहिलें नाहीं.

येथून स्वतःच्याच गाडीनें परदेशीं कां जाऊं नये, असें कोणी विचारील. पूर्वी जात असत. १९५७ सालीं ‘इंडियामॅन’ नांवाची बस लंडनहून एप्रिलांत निघून जूनमध्यें कलकत्त्यास पोंचली होती. १९७९ सालीं इराणांत क्रांति झाली व त्याच वर्षाच्या अखेरीस अफगाणिस्तानांत सोव्हिएत फौजा शिरल्या, तेव्हां ती वाट बंद झाली. तरी जिद्द असेल तर मार्ग निघतो. ज्यांचें सासर आमच्याच जिल्ह्यांतील महाडास आहे, त्या भारुलता कांबळे यांनीं २०१६ सालीं इंग्लंडांतील ल्यूटनहून एकटीनें मोटार चालवीत, ब्रह्मदेशांतून मणिपुरांत शिरून, महाड गांठलें. पुढें दोन मुलांस घेऊनही त्यांनीं आर्क्टिक प्रदेशाकडे मोटार नेली. मात्र स्वतःची गाडी नेणारास ‘कार्ने’ नांवाचा जकातीचा दस्तऐवज व मोठी हमी लागते, आणि चीनमध्यें सरकारमान्य वाटाड्या बरोबर घ्यावा लागतो. म्हणून बहुतेक कुटुंबांनीं तिकडे जाऊन गाडी भाड्यानें घेणेंच श्रेयस्कर.

जाऊं इच्छिणारांनीं चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना आपल्या आर. टी. ओ. कचेरींत मिळतो व तो एक वर्ष चालतो. शेंगेन देशांत पर्यटकास कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहतां येतें. गाडीची उंची कागदावर लिहून चालकाच्या डोळ्यांसमोर लावावी, म्हणजे कमानीखालीं घात होत नाहीं. आणि दिवसास तीनशे किलोमीटरांवर जाऊं नये. वृद्धांस व मुलांस तेवढेंच मानवतें.

चोवीस दिवसांत भांडणें झालीं, एकदां अबोलाही झाला. पण सात मीटरांच्या घरांत अबोला धरून राहावयाचें तरी कोठें? तिसऱ्या प्रहरीं चहा मागावाच लागतो. पनवेलीस परतल्यावर सौभाग्यवतींनीं तो पाळ्यांचा कागद बॅगेंतून काढून माजघराच्या दारास लावला आहे. त्यांत न्हाणीघर धुण्याच्या रकान्यांत सोमवार व गुरुवार आमच्या नांवें आहेत. धाकटे चिरंजीव सुटींत पुण्याहून आले, त्यांनीं कागद वाचला, व कांहीं न बोलतां शनिवारापुढें आपलें नांव लिहिलें.