परार्धाचा हिशेब

लीलावतीत भास्कराचार्यांनी दिलेली संख्यांची नावं परार्धाशी थांबतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. एकं, दहं, शतं म्हणत अब्ज-खर्वापर्यंत पोचलेल्या माणसालाही निखर्व, महापद्म, शंकू, जलधी ही पुढची नावं व्यवहारात कधी लागत नाहीत. देशाचा अर्थसंकल्पसुद्धा लाख कोटींत भागतो. परार्धाची गाठ पडते ती कामगाराच्या लघवीची बाटली समोर आली की.

बेन्झिनचंच घेऊ. कोक भट्टी, तेलशुद्धीकरण कारखाना, पेट्रोलचे टँकर भरण्याची जागा, अशा ठिकाणी ते हवेत असतं. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेनं १९४६ साली त्याची मर्यादा १०० पीपीएम ठरवली होती, म्हणजे हवेच्या दहा लाख रेणूंत बेन्झिनचे शंभर. ती उतरत उतरत ०.५ वर आली आणि २०२४ मध्ये ०.०२ वर. पाच हजार पटींनी खाली. पाच कोटी रेणूंत एक, हे ऐकून हायसं वाटेल. पण साखरेच्या चौकोनी खड्याएवढ्या, एक घनसेंटिमीटर हवेतसुद्धा तेव्हा बेन्झिनचे ५० हजार कोटी रेणू असतातच.

आता ०.५ पीपीएमच्या हवेत आठ तासांची पाळी धरा. एवढ्या वेळात कष्टकरी माणूस सुमारे दहा हजार लिटर हवा ओढतो. तिच्यात १६ मिलिग्रॅम बेन्झिन येतं, आणि त्यातलं निम्मं उच्छ्वासाबरोबर परत गेलं तरी ८ मिलिग्रॅम अंगात राहतं. हा थेंबाचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. रेणू मोजले तर मात्र ते सहाशे परार्धांच्या घरात जातात. पेट्रोलमध्ये बेन्झिन जास्तीत जास्त एक टक्का चालतं, म्हणजे लिटरमागे दहा मिलिलिटर. तेवढं बेन्झिन याच हवेतून नाकावाटे ओढायला साडेपाचशे पाळ्या लागतील, वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर जवळजवळ दोन वर्षं.

यकृत या परक्या रेणूंची विल्हेवाट अनेक वाटांनी लावतं. त्यातल्या एका अरुंद वाटेनं, हजारातला जेमतेम एक रेणू एस-फेनिल मरकॅप्च्युरिक आम्ल होऊन लघवीत उतरतो. पूर्वी लघवीतलं फेनॉल मोजत. पण फेनॉल जेवणातल्या प्रथिनांपासूनही तयार होतं, त्यामुळे हवेतलं बेन्झिन ५ पीपीएमच्या खाली गेलं की त्या गर्दीत काही ओळखू येत नसे. हे आम्ल मात्र बेन्झिनशिवाय सहसा कशातून येत नाही. सिगारेटच्या धुरात बेन्झिन असतं, म्हणून तपासणीआधी विडी-सिगारेटची चौकशी करावीच लागते.

०.५ पीपीएमच्या पाळीशी जुळणारा आकडा आहे क्रिएटिनिनच्या एका ग्रॅममागे २५ मायक्रोग्रॅम. क्रिएटिनिन कशासाठी? दोन तांबे पाणी पिऊन आलेल्याची लघवी पातळ, भट्टीपुढे घाम गाळलेल्याची दाट. क्रिएटिनिन स्नायूंतून रोज साधारण एक-दीड ग्रॅम ठरल्यासारखं येतं, म्हणून त्याला माप धरलं की पाण्याचा फरक निघून जातो. आणि २५ मायक्रोग्रॅम म्हणजे किती? लिटरमागे एवढं प्रमाण राखायचं तर बारा हजार लिटरच्या टँकरात एक चिमूट मीठ टाकावं लागेल. यंत्रानं त्या टँकरातली चिमूट ओळखायची असते. रेणूंत हे २५ मायक्रोग्रॅम आम्ल सहाशे अब्ज लाख, म्हणजे अर्ध्या परार्धाहून अधिक.

हा खटाटोप कशासाठी, ते इस्तंबूलमध्ये दिसलं. तिथल्या चपला-बुटांच्या कारखान्यांत बेन्झिन असलेल्या डिंकानं तळवे चिकटवत. डॉ. मुझफ्फर अक्सॉय यांनी १९७४ मध्ये सुमारे २८,५०० कामगारांमधले २६ रुग्ण नोंदवले, रक्ताचा तीव्र कर्करोग झालेले किंवा त्याच्या उंबरठ्यावरचे. बेन्झिन घाव घालतं ते अस्थिमज्जेवर, जिथं रक्त तयार होतं. एवढ्या माणसांत २६ हा आकडा लहान दिसतो, पण त्यातला प्रत्येक जण रोज बुटाचे तळवे चिकटवून घर चालवत होता.

मला सर्वांत धडकी भरवणारा आकडा मात्र आहे नऊ. लघवीत उतरणारं ते मरकॅप्च्युरिक आम्ल साधारण नऊ तासांत निम्मं होतं. शनिवारी संध्याकाळी सहाला पाळी सुटताना २५ असलेला आकडा रात्री तीनला साडेबारा, रविवारी दुपारी बाराला सव्वासहा. सोमवारी सकाळी नऊला कामगार बाटली घेऊन उभा राहतो, तेव्हा मध्ये ३९ तास गेलेले असतात आणि उरतं सव्वा. वीसपट कमी. माणूस तोच, फुप्फुसं तीच, शनिवारची हवाही तीच, पण अहवालावर लिहिलं जातं की सारं ठीक आहे. यात कुणी आकडा खोडलेला नसतो. नमुना फक्त सुटीनंतर घेतलेला असतो. म्हणूनच तो पाळी संपता संपता घ्यायचा असतो.

बाटलीवरच्या लेबलावर नाव आणि तारखेच्या शेजारी वेळेचा रकाना हवा. कामगारानं तो आपल्या हातानं, घड्याळ बघून भरावा, आणि त्याखाली पाळी किती वाजता सुटली तेही लिहावं, मगच बाटली खिडकीतून आत द्यावी.