पत्ता खरा की बनावट? इंटरनेटचा सही-शिक्का

वाशिमच्या सेतू केंद्रात हल्ली डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. तशीच सही वेबसाइटच्या पत्त्यालाही असू शकते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे!

ब्राउझरमध्ये washim.gov.in सारखं कुठलंही नाव टाका, डीएनएस त्याचा आकडी पत्ता शोधून देते. मूळ रचनेत या उत्तराची खातरजमाच नव्हती. खोटं उत्तर घुसवणं किती सोपं आहे, ते सुरक्षा संशोधक डॅन कामिन्स्कीने 2008 मध्ये दाखवून दिलं.

त्यावरचा उपाय म्हणजे डीएनएससेक. त्याची सध्याची मानकं 2005 ची. प्रत्येक उत्तरावर गणिती सही, आणि ती तपासायची चावी वरच्या पायरीने प्रमाणित केलेली. ही साखळी थेट रूट झोनपर्यंत, म्हणजे सर्वात वरच्या पायरीपर्यंत जाते. रूटवर सही झाली 15 जुलै 2010 ला, तिची मुख्य चावी पहिल्यांदा बदलली 11 ऑक्टोबर 2018 ला. सहीच्या पद्धतीही वेगवेगळ्या: जुनी आरएसए सही लांबलचक. ईसीडीएसए तेवढीच भक्कम, पण आटोपशीर. मला तीच पसंत.

एक लक्षात घ्या: डीएनएससेकने माहिती गुप्त होत नाही, फक्त उत्तर अस्सल असल्याचं कळतं.

कारंजा, रिसोड, मंगरूळपीरमध्ये ज्यांची स्वतःची वेबसाइट आहे, त्यांनी डोमेन विकणाऱ्याला डीएनएससेक सुरू करायला आजच सांगावं.