श्रोत्यांचेही ऐका!

गाणाऱ्यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. संगीतकारांच्या आठवणी प्रसिद्ध होतात, कवींच्या जन्मशताब्द्या साजऱ्या होतात, साथीदारांचीही अधूनमधून कोणी दखल घेतो. मागे राहतो तो बिचारा श्रोता! पदरचे पैसे खर्चून तबकडी विकत घ्यायची त्याने, रात्री घर निजल्यावर रेडिओला कान लावून बसायचे त्याने. पण गाण्याच्या इतिहासात त्याला जागा म्हणून नाही. फार तर 'रसिकांनी डोक्यावर घेतले' एवढ्या तीन शब्दांत त्याची बोळवण होते.

हा विषय सुचण्याचे कारण म्हणजे पॉडकास्ट. वाचकांपैकी निम्म्यांच्या घरी हा शब्द रोज उच्चारला जात असेल. उरलेल्या निम्म्यांसाठी थोडा खुलासा करतो. पॉडकास्ट म्हणजे फोनवर ऐकायचा, रेडिओसारखाच बोलका कार्यक्रम. फरक इतकाच की, ऐकण्याची वेळ आपण ठरवायची. हे नाव २००४ साली 'द गार्डियन' या इंग्रजी दैनिकात प्रथम छापून आले. या कार्यक्रमांत एक प्रकार मोठा मौजेचा आहे. तीन-चार मित्र एकत्र बसतात, एखादी जुनी नावाजलेली लाँगप्ले तबकडी – हल्लीच्या भाषेत 'अल्बम' – घेतात आणि पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत तिच्यावर तासभर गप्पा मारतात. गाणारे कोणी नाही, पंडित कोणी नाही. सारे आपल्यासारखेच ऐकणारे!

मित्रांनी जमून तबकड्यांवर बोलणे ही काही अगदी नवी गोष्ट नव्हे. मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था निघाली. जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या जमविणारे हौशी लोक एकत्र येत, चार दुर्मीळ तबकड्या लावत, त्यांच्यावर बोलत. 'द रेकॉर्ड न्यूज' हे त्यांचे नियतकालिकही निघाले. पण त्या बैठकीला जायचे तर मुंबईसारख्या शहरात असायला हवे. आमचे बुलढाणा पडले डोंगरमाथ्यावर! जिल्ह्याचे ठिकाण असूनही गावाला रेल्वे नाही. आगगाडी गाठायची तर राजूरचा घाट उतरून मलकापूरला जावे लागते. पॉडकास्टला मात्र घाट आडवा येत नाही. म्हणून मी ठरविले की, आपल्या ओळखीच्या दहा-बारा घरी विचारावे: "काय हो, हे मित्रांचे बोलणे तुम्हाला कसे वाटते?"

घाटावरचा आणि घाटाखालचा कौल

पहिली तक्रार खामगावच्या एका किराणा दुकानदाराची. चांदीच्या बाजारात फेरफटका मारून आलेला हा भला माणूस एका वाक्यात निकाल देऊन मोकळा झाला. "एवढं बोलू राह्यले, पन गानं कवा लावतात बाप्पा?" ही तक्रार मला निदान पाच ठिकाणी ऐकायला मिळाली. गाण्याची गोष्ट तासभर सांगायची आणि गाणे मात्र घोटभरच ऐकवायचे, म्हणजे जेवणाचे वर्णन करून पाहुण्याला उपाशी उठविण्यासारखेच! या तक्रारीला कायद्याची एक बाजू आहे; तिच्याकडे पुढे येतो.

दुसरे मत माझ्या शेजारच्या काकूंचे. पोळ्या लाटताना त्या फोन डब्यांच्या फळीवर ठेवतात. "हात गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात ना! नुसती गाणी लावली की मन भलतीकडे जाते. ही मुले बोलतात तेव्हा कोणी घरात येऊन बसल्यासारखे वाटते." काकूंची मुले दोन मोठ्या शहरांत आहेत, हे सांगितले म्हणजे या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

तिसरे मत एका निवृत्त गुरुजींचे, आणि ते परखड होते. "चौघेही एकमेकांची री ओढतात. एक म्हणाला 'वा', की तिघे म्हणतात 'वा, वा'. अहो, मित्र असाल तर भांडा की! आमच्या वेळी माणिक वर्मा श्रेष्ठ की आशा भोसले, यावरून दोन-दोन दिवस बोलणे बंद होई." गुरुजींची दुसरी तक्रार अधिक गंभीर होती. कार्यक्रमात सालाची किंवा नावाची चूक झाली, तर ती दुरुस्त करण्याची कोणाला इच्छा नसते. ऐकणारा अंगठा वर करून मोकळा होतो.

चौथे मत सिंदखेडराजाजवळच्या एका शिक्षिकाबाईंचे. त्यांनी 'शिवकल्याण राजा' या तबकडीवरील गप्पा ऐकल्या होत्या. शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षे झाली त्या १९७४ साली ही तबकडी निघाली. लता मंगेशकरांचा आवाज, हृदयनाथांचे संगीत, बाबासाहेब पुरंदरे यांचे निवेदन. आणि पदे रामदास-भूषणांपासून कुसुमाग्रजांपर्यंतची. जिजाऊंच्या जन्मगावाजवळ राहणाऱ्या बाईंना ही तबकडी जवळची वाटावी, यात नवल नाही. त्या म्हणाल्या, "मित्र चालींवर छान बोलले. पण गाण्यांचा क्रम असाच का, हे एकालाही विचारावेसे वाटले नाही. गाणी सुटी केली की पोथीची पाने विस्कटल्यासारखी होतात." मला तर वाटते, अल्बम म्हणजे काय याची एवढी नेमकी व्याख्या त्या मित्रांनाही सुचली नसती!

आणि पाचवे मत एका तरुणाचे. हा मुलगा इंजिनीअरिंग शिकतो, आणि एरवी कुठलेही गाणे अर्ध्यावर सोडून पुढच्या गाण्यावर उडी मारतो. मित्रांच्या गप्पांत त्याने 'कॉल ऑफ द व्हॅली' या १९६७ सालच्या तबकडीबद्दल ऐकले. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार आणि माणिकराव पोपटकरांचा तबला; काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत वाद्यांनी सांगितलेला. एका रात्री हा गच्चीवर गेला आणि सबंध तबकडी क्रमाने ऐकून खाली आला. "चाळीस मिनिटे मी फोनला हातसुद्धा लावला नाही," असे तो मला सांगत होता, ते जणू उपवास पार पडल्याच्या आनंदात.

श्रोत्याने मंत्र्यालाही नमविले

आता कोणी म्हणेल, "असतील बुवा मते! दहा-बारा लोकांना काय वाटते, याला काय किंमत?" त्याला उत्तर इतिहासानेच दिलेले आहे.

१९५२ साली बा. वि. केसकर हे नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. त्यांना शास्त्रीय संगीताचे मोठे प्रेम, आणि चित्रपटगीतांचा तितकाच तिटकारा. आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी मोर्चा काढला नाही, निवेदन दिले नाही. त्यांनी फक्त रेडिओचा काटा फिरविला आणि रेडिओ सिलोन लावले! त्याच वर्षी डिसेंबरात सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली आणि पुढे आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत मजल गेली, असे सयानी सांगत. गाण्यांची क्रमवारी लावताना तबकड्यांच्या विक्रीबरोबर गावोगावच्या श्रोता संघांचे मतही धरले जाई. पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली. काटा फिरवून दिलेले मत दिल्लीपर्यंत पोचले ते असे.

मात्र काट्याच्या मतात आणि पत्राच्या मतात फरक आहे. काटा फक्त 'हवे' किंवा 'नको' एवढेच सांगतो. पत्रात माणूस कारण सांगतो, आठवण सांगतो, भांडतो. फोनवरचा अंगठा हा त्या काट्याचा नातू आहे. पत्राचा वारस मात्र अजून सापडायचा आहे.

मेहकरची शीळ

आमच्या जिल्ह्याला तर श्रोत्यांच्या मताचे महत्त्व अधिकच ठाऊक असायला हवे. पैनगंगेकाठच्या मेहकरला ना. घ. देशपांडे नावाचे वकील राहत. १९०९ साली जन्मलेले हे गृहस्थ कोर्टकचेरीच्या जोडीने कविता करीत. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी गायिली आणि १९३२ साली तिची तबकडी निघाली. त्या काळी तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावत. तेवढ्या वेळात ना नाटकाचा प्रसंग, ना रागाचा विस्तार. एक कविता आणि तिच्यातला भाव, बस्स! नाट्यगीतांच्या त्या जमान्यात हे चालेल की नाही, याची खात्री कोण देणार? खात्री दिली ती श्रोत्यांनी. तबकडी घरोघर गेली, आणि मराठी भावगीताचा इतिहास सांगताना आजही प्रारंभीच 'शीळ'चे नाव घ्यावे लागते. कवीचा त्या नावाचा संग्रह १९५४ साली निघाला. पुढे १९८६ साली 'खूणगाठी'साठी साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. पण तबकडी घेणाऱ्या अनामिक गिऱ्हाइकाने आपला निकाल कितीतरी आधी दिला होता.

आणि गंमत पाहा! हेच जी. एन. जोशी पुढे 'हिज मास्टर्स व्हॉइस' कंपनीत अधिकारी झाले, आणि त्यांच्याच देखरेखीखाली 'कॉल ऑफ द व्हॅली' तयार झाली. म्हणजे आमचा तो इंजिनीअरिंगचा विद्यार्थी गच्चीवर जी तबकडी ऐकत होता, तिचा एक धागा काश्मीरहून निघून थेट मेहकरला पोचतो. मी हे त्याला सांगितले तेव्हा तो चकित झाला. ज्या गप्पा त्याने ऐकल्या त्यांत ही गोष्ट नव्हती. ती सांगायला आमच्या जिल्ह्यातलाच कोणी श्रोता पुढे यायला हवा होता!

आता खामगावकरांच्या तक्रारीकडे वळू. गाणे पूर्ण का वाजवीत नाहीत? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झालेल्या वर्षानंतर साठ वर्षे टिकतो. आणि शब्दांवरचा हक्क कवीच्या निधनानंतर साठ वर्षे. १९३२ च्या तबकडीचा पहिला हक्क केव्हाच संपला. पण ना. घ. निवर्तले २००० साली. तेव्हा शब्दांवरचा हक्क २०६० अखेरपर्यंत चालू राहील. परवानगीवाचून गाणे पुरते वाजविणे मित्रमंडळींना धोक्याचे असते, म्हणून ती बोलण्यावर भागवितात. हे कळल्यावर आमचे दुकानदार म्हणाले, "मंग आधी गानं ऐकाव, अन् मंग यायचं बोलनं!" मला हा तोडगा फार पसंत पडला. जुनी तबकडी आता घरबसल्या ऐकायला मिळते. आधी ती सबंध ऐकावी, आपले मत बनवावे, आणि मगच मित्रांचे बोलणे ऐकावे. तरच त्यांच्याशी भांडता येईल.

जे लिहून ठेवले नाही ते गेले

परंतु खरी चिंता वेगळीच आहे. 'शीळ' बाजारात आली तेव्हा जी माणसे कळती होती, ती आता उरली नाहीत. पहिल्यांदा ती ऐकून मेहकरच्या लोकांना काय वाटले? आपल्या गावच्या वकिलाचे शब्द ग्रामोफोनच्या कर्ण्यातून येताना घरची वडीलधारी माणसे हसली, की रागावली? कोणी जपून ठेवली ती तबकडी, कोणाच्या हातून फुटली? कवीचे चरित्र मिळते, गायकाच्या आठवणी मिळतात. या प्रश्नांचे उत्तर मात्र त्या श्रोत्यांबरोबरच गेले. सिलोनचा काटा शोधण्यात ज्यांचे बालपण गेले, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याही बाबतीत आपण असेच हात चोळत बसणार आहोत काय?

तेव्हा वाचकहो, दिवाळीला घर भरलेले असते त्याचा फायदा घ्या. फराळ आटोपला की घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा: "आपल्या घरी पहिला रेडिओ केव्हा आला? पहिली तबकडी कोणती? ती कोणाला आवडली नाही, आणि का?" त्यांचे उत्तर फोनवर मुद्रित करून ठेवा. दहा मिनिटे पुरेत. आणि तबकड्यांवर गप्पा मारणारी ती मित्रमंडळी तुमच्या आवडीची असतील, तर त्यांना नुसता अंगठा दाखवू नका. चार ओळी लिहा. काय पटले, काय पटले नाही, आणि त्यांना ठाऊक नसलेली कोणती गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, एवढे लिहिले तरी पुष्कळ झाले.

आमच्या गुरुजींनी असे पत्र लिहिले आहे. दोन पाने भरून चुका काढल्या आहेत, आणि खाली लिहिले आहे, "पुढचा कार्यक्रम अवश्य ऐकेन." मित्रांनी चिडू नये. इतक्या मन लावून ऐकणारा श्रोता नशिबानेच मिळतो.